जुन्या खेळांची व्यवस्था आणि रविनाची मोकळीक

जुना संगणकी खेळ नव्या संगणकावर लावून पाहिलेल्या प्रत्येकाला एक कोडे पडलेले असणार. खेळ तोच असतो, त्यातील एक अक्षरही बदललेले नसते आणि यंत्र पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी शक्तिमान असते. तरी खेळ सोपा होण्याऐवजी अशक्य होतो. बोट बटणावर टेकण्याआधीच पडद्यावरचा माणूस मेलेला असतो. यंत्र सुधारले म्हणून खेळ बिघडावा, हे कसे?

मृत्युपत्राच्या आरंभी आपण पूर्ण शुद्धीत आहोत असे लिहिण्याची पद्धत आहे. परंतु शुद्धीत नसलेला माणूसही ते वाक्य लिहू शकतो, म्हणून त्यावर माझा फारसा भरवसा नाही. त्याऐवजी मी, रेवाबाई सुरतसिंग पावरा, वय एकाहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार धडगाव, तालुका अक्राणी, जिल्हा नंदुरबार, वरील कोड्याचे उत्तर येथे सविस्तर देते. ते बरोबर असेल तर लिहिणारी भानावर होती असे समजावे आणि पुढील कलमे त्याच भानाने लिहिली आहेत असे मानावे.

उत्तर असे आहे. खेळात एखादे दार थोडा वेळ उघडे ठेवायचे असेल, तर हा ‘थोडा वेळ’ यंत्राला सांगायचा कसा, हा खेळ लिहिणाऱ्यापुढचा प्रश्न असे. काहींनी संगणकातील घड्याळाचा आधार घेतला. काहींनी सोपी वाट धरली आणि यंत्राला नुसते आकडे मोजायला लावले. अमुक आकड्यापर्यंत मोज आणि मग दार लाव. त्या काळच्या यंत्राला तेवढे मोजायला हवा तेवढाच वेळ लागत असे, म्हणून कोणाचे काही अडले नाही. पुढे यंत्रे वेगवान झाली. तेवढीच मोजणी पापणी लवायच्या आत होऊ लागली आणि दार उघडताक्षणीच बंद होऊ लागले.

आमच्याकडे हे समजावणे सोपे जाते. धडगावहून शहाद्याला जाणारी जीप घड्याळावर सुटत नाही, भरली की सुटते. एरवी ती भरेपर्यंत माणूस सावकाश चहा पिऊन येतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला तीच जीप बघता बघता भरते आणि चहाचा पेला हातात असतानाच वळणाआड जाते. ड्रायव्हरने नियम मोडलेला नसतो. गर्दी बदललेली असते, आणि चहा पिणारा मात्र जुन्याच अंदाजाने उभा असतो. वर्गात हे उदाहरण दिले की मागच्या बाकावरून हमखास आवाज येई, “मॅडम, म्हणजे जीपवाल्याची चूक नाही?” नाही. चूक कोणाचीच नाही, म्हणून तर ती लवकर सापडत नाही.

माझ्याजवळ असा एक खेळ आहे. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा तो फ्लॉपीवर आला. त्याचे परदेशी नाव कोणाच्या तोंडी बसले नाही, आम्ही त्याला ‘खाण’ म्हणत आलो. कोळशाच्या खाणीत एक छोटा माणूस उतरतो. या भिंतीवरचा दांडा ओढला की समोरच्या भिंतीतील लोखंडी दार उघडते, आणि ते लागण्याआधी त्याने धावत पलीकडे जायचे. या खेळात दोन प्रकारचे वेळ एकत्र नांदतात, आणि मला तो प्रिय असण्याचे खरे कारण हेच आहे. माणूस घड्याळावर चालतो. दार मोजणीवर चालते. नव्या यंत्रावर माणसाची चाल तीच राहते आणि दार हजारपट घाईला येते. माणूस आत येतो आणि आतच राहतो.

माझी फुफ्फुसे थकल्यापासून मी ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. त्याची नळी खिडकीपर्यंत पोहोचते, उंबऱ्यापर्यंत पोहोचत नाही. दुपारी वेळ जावा म्हणून ‘खाण’ मी घरच्या नव्या लॅपटॉपवर आणली, आणि मी व माझी सून रविना ती खेळू लागलो. आमची घरची बोली पावरी आहे. बोलणी येथे मराठीत लिहिते. रविनाने त्या छोट्या माणसाचे नाव चैत्या ठेवले. चैत्या पहिल्याच दालनात अडकला. ती पुन्हा पुन्हा दांडा ओढी आणि चैत्या पुन्हा पुन्हा दारावर आपटे.

“आई, याला आत कोणी कोंडलं?” तिने विचारले.

“कोणी नाही. दार उघडतं. त्याला पोहोचायला उशीर होतो.”

तिने आणखी एकदा दांडा ओढून पाहिला. मग म्हणाली, “त्याच्यासाठी उघडतच नाही ते. बघणाऱ्याला दाखवायला उघडतं.”

इतके निर्दोष निदान मी विज्ञानाच्या वर्गात क्वचितच ऐकले होते. मी तिला उपाय शिकवला. तो कलम तिसऱ्यात लिहिला आहे. माझ्या शुद्धीचा पुरावा येथे पुरा झाला असे समजून मिळकतीकडे वळते.

कलम पहिले : घर. धडगाव येथील माझे राहते घर, ओटा व परसातील मोहाच्या झाडासह, माझ्या पगारातून बांधलेले असून त्यात वडिलोपार्जित काहीही नाही. ते मी माझी सून रविना मगन पावरा हिला देते. तिने त्यात राहावे, ते भाड्याने द्यावे, विकावे अथवा कुलूप लावून निघून जावे. रविना या घरात राहिली तरच घर तिचे, अशी अट घालावी असे माझे दीर खात्या यांचे म्हणणे होते. त्यासाठी ते मुद्दाम माझ्या खाटेपाशी येऊन बसले होते.

“भाभी, मगन आज ना उद्या येईल. तोवर घर राखायला कोणी नको?”

“घर राखायला कुत्रा पाळतात, खात्या.”

“तुम्ही शिकलेल्या माणसांशी बोलायची सोय नाही.”

“मग न शिकलेल्याशी बोल. तुझी बायको काय म्हणते?”

त्यांची बायको माझ्या बाजूची आहे हे त्यांना ठाऊक असल्याने ते उठून गेले. अट मी घातलेली नाही. ती राहून गेली असे कोणी समजू नये. ती विचार करून वगळली आहे.

कलम दुसरे : शेत. सासरचे शेत पतीच्या पश्चात आमच्या समाजाच्या चालीने कुटुंबात आले आहे. त्याची वाटणी मी या कागदाने करू शकत नाही आणि करू इच्छितही नाही.

कलम तिसरे : यंत्रे व खेळ. माझे तीन जुने संगणक, फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह, फ्लॉपीचे खोके व सीडी माझा विद्यार्थी शिवाजी वळवी, संगणक शिक्षक, शहादा, याला देते. त्याने याची अंमलबजावणीही पाहावी. शिवाजी मला फोनवर म्हणाला होता, “मॅडम, आता सगळं मोबाईलवर मिळतं, खोकं कशाला सांभाळायचं?” मिळते ती बहुधा नवी आवृत्ती असते. त्यातील दार कोणीतरी आधीच दुरुस्त केलेले असते, आणि दुरुस्त केलेल्या दारातून विद्यार्थ्याला काहीच शिकता येत नाही. म्हणून पुढील सूचना देते.

प्रथम प्रत्येक फ्लॉपीची अक्षरशः नक्कल संगणकात उतरवून घ्यावी. मूळ फ्लॉपी त्यानंतरही टाकू नये, आणि पावसाळ्यात गोदरेजच्या कपाटात ठेवू नये. लोखंडाच्या कपाटात दमट हवा कोंडून राहते. तांदळाच्या कोठीत ठेवलेल्या माझ्या फ्लॉपी आजही वाचल्या जातात. नवा संगणक जुना खेळ थेट घेण्यास नकार देईल, कारण त्याची आज्ञांची भाषाच मोठी झाली आहे. अशा वेळी त्याच्याशी भांडू नये. नव्या संगणकाच्या आत एक मानलेला जुना संगणक उभा करणारे प्रोग्रॅम मिळतात. जुन्या खेळाला आपण जुन्याच घरात आहोत असे वाटते आणि तो निमूटपणे चालू लागतो. शेवटी वेग. या मानलेल्या संगणकाचा वेग कमी-जास्त करता येतो. वेग एका झटक्यात खाली आणू नये, नाहीतर चित्र अडखळत चालते. थोडा उतरवावा, दांडा ओढून पाहावा, पुन्हा थोडा उतरवावा. एक जागा अशी येते की दार लागण्याआधी माणूस आरामात पलीकडे जातो. तो आनंद मी येथे लिहू शकत नाही. तो स्वतः घ्यावा लागतो.

रविनाने ती जागा शोधली तेव्हा चैत्या दारापलीकडे जाऊन उभा राहिला, आणि ती बटण दाबायचेच विसरली. “आता हा कुठं जाईल?” तिने विचारले. पुढचे दालन मीही कधी नीट पाहिलेले नव्हते.

कलम चौथे : मगन. माझा मुलगा मगन काठी गावच्या होळीनंतर सुरतेला कामाला गेला आणि तेथे त्याने दुसरे घर केले. त्या घरात त्याला मुले आहेत आणि ती मुले माझीही नातवंडे आहेत. मगनला त्याच्या वडिलांचा तीरकामठा व ढोल देते. नातवंडांना माझा लॅपटॉप देते. मगनला याहून अधिक दिले नाही हे रागाने केलेले नाही. राग होता, परंतु तो मृत्युपत्रात बसवण्याइतका नीटनेटका नव्हता.

कलम पाचवे : दीर खात्या. शाळेने मोडीत काढलेला जो रंगीत मॉनिटर मी विकत घेतला होता, तो ‘दोन दिवस पाहून आणतो’ असे म्हणून त्यांनी नेला आणि टीव्ही होत नाही हे कळल्यावर तो आतून रिकामा करून त्यात कोंबडीला अंडी उबवायला बसवले. तो मी परत मागत नाही. कोंबडीने त्याचा माझ्यापेक्षा चांगला उपयोग केला असावा.

कलम सहावे : शेवटचे विधी. आमच्यात गेलेल्या माणसाबरोबर त्याच्या रोजच्या वापरातील वस्तू ठेवण्याची चाल आहे आणि ती मला मान्य आहे. परंतु माझ्या वापरातील वस्तू म्हणून कोणी फ्लॉपीचे खोके ठेवू नये. माझ्या भावाचा मुलगा गेला तेव्हा त्याच्याबरोबर, प्रेमापोटी, घरच्यांनी त्याचा आवडता क्रिकेटचा खेळ ठेवला. त्या खेळाला चालू होताना मूळ सीडी लागत असे. भाऊ अजून त्याच्या संगणकापुढे बसले की यंत्र सीडी मागते आणि देण्यासारखे कोणाजवळ काही नसते. माझ्याबरोबर चष्मा व चुन्याची डबी ठेवावी. तेवढे पुरे आहे.

कलम सातवे : रविना. हे कलम पहिल्या मसुद्यात वेगळे होते आणि ते का बदलले हे लिहिणे आवश्यक आहे.

आमच्या समाजात मुलाकडचे लोक लग्नात मुलीच्या घरी देज, म्हणजे ठरलेली रक्कम, देतात. बाई आपण होऊन घर सोडून गेली, तर तिच्या माहेराने किंवा नव्या घराने ते देज परत करावे, असे पंच सांगतात. मगन दुसरे घर करून बसला तरी त्याने काडीमोड दिलेला नाही. रविनाचे माहेर मजुरीवर चालते. म्हणून ती येथे अडकली होती. नवरा नाही, काडीमोड नाही, आणि जाण्याची सोय नाही. त्यात माझे मशीन. लाइट गेली की सिलिंडर जोडावा लागतो, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसल्याने रविना बाजारापलीकडे जाऊ शकत नव्हती. मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते : ‘माझ्या मृत्यूनंतर रविना पूर्णपणे मोकळी आहे. देज परत मागण्याचा हक्क मी कायमचा सोडत आहे.’ हे वाक्य मला फार उदार वाटले होते.

मसुदा तपासायला मी धुडकू भिका पाटील यांना बोलावले. ते आमच्या शाळेचे निवृत्त मुख्य लिपिक आहेत. मूळचे प्रकाशा गावचे, त्यामुळे कागद सरकारी मराठीत वाचतात आणि मत अहिराणीत देतात.

“बाई, हाई मृत्युपत्र शे का कॉम्प्युटरनं गाईड शे?”

“दोन्ही आहे. तुम्ही सातवे कलम वाचा.”

त्यांनी ते वाचले, चष्मा काढला, आणि दाराशी गहू निवडत बसलेल्या रविनाकडे पाहून आवाज खाली आणला. “तुम्ही गयात का मंग हाई कागद चालू होई. तवपावत ती पोर काय करी?”

“तोवर ती माझ्याजवळ आहे.”

“तेच सांगी ऱ्हायनू मी.”

मी आयुष्यभर मुलांना समजावले आहे, त्यामुळे कोणी मला समजावले की ओळखू येते. मृत्युपत्रातील प्रत्येक दार मरणावर उघडते, आणि मरण कधी येईल याचा हिशोब कोणाच्या हाती नाही. रविनाचे वय मात्र घड्याळावर चालते. मी जितकी जगेन तितकी ती अडकेल, आणि मी जगावे म्हणून झटणारीही तीच. सिलिंडर वेळेवर जोडून ती रोज आपलेच दार लावून घेत होती. याची दुरुस्ती मृत्युपत्रात होऊ शकत नाही. ती जिवंतपणीच करावी लागते.

म्हणून मी आमचे पंच उदेसिंग पावरा यांना बोलावले. ते म्हणाले, “काडीमोडाला मगन पाहिजे.”

“तीनदा निरोप गेला. तो येत नाही.”

“मग घरातलं वडीलधारं माणूस पाहिजे. खात्या आहे.”

“उदेसिंगभाऊ, देज माझ्या पगारातून गेलं. घर माझ्या पगाराचं. खात्याच्या पगारातून फक्त कोंबडी आली.”

ते बराच वेळ हसले आणि शेवटी म्हणाले, “काडी आणा.”

पंच, त्यांच्याबरोबरचे दोघे आणि ओट्यावर तोंड फिरवून बसलेले खात्या यांच्यासमक्ष मी काडी मोडली. हाताला जोर नव्हता, पण काडीला फारसा लागतही नाही. रविना सिलिंडरचा पाना हातात धरून उभी होती.

“आई, म्हणजे मी आता जायला पाहिजे?”

“नाही. जायला पाहिजे असं नाही. जाता येतं.”

“दोन्हीत काय फरक?”

त्याचे उत्तर या कागदाच्या शेवटी लिहिले आहे.

तरी हे कलम आता असे वाचावे : रविनाला या घरातून मोकळीक दिलेली आहे, देज परत मागण्याचा हक्क मी सोडला आहे, आणि हे माझ्या मृत्यूची वाट न पाहता काडी मोडल्या दिवसापासून लागू आहे. हे मृत्युपत्र पुढे रद्द झाले, हरवले किंवा कोणी खोटे ठरवले, तरी हे एक कलम टिकेल, कारण ते कागदाबाहेर घडून गेले आहे. कागदात केवळ त्याची नोंद आहे. रविना कोठे जाईल, कोणाकडे जाईल, पुन्हा घर करील की नाही, हे मी लिहीत नाही. ते मला ठाऊक नाही, आणि मी ते विचारलेलेही नाही.

कलम आठवे : रूपीबाई. नवापूरकडच्या रूपीबाई गावित यांनी पूर्वी रुग्णसेवेचे काम केले आहे. त्या माझ्या पेन्शनवर माझ्याजवळ राहण्यास आल्या आहेत. माझ्या पश्चात बँकेत शिल्लक राहील ती त्यांची. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “बाय, नळी ओढून दाखवू नका, मला घाबरवायला अजून मोठं काहीतरी लागतं.” आमचे जमेल.

शेवटची गोष्ट. मोकळीक दिली असे म्हणणे सोपे असते, म्हणून ती खरोखर पोहोचली की नाही हे तपासण्याची एक चाचणी मी शोधली आहे. तिला कोणतेही साधन लागत नाही. आपल्या घरात ज्या व्यक्तीवाचून घर चालत नाही, तिला सकाळी इतकेच सांगावे : “आज बाहेर जा. काही काम नाही.” मग तिच्या उत्तराकडे लक्ष न देता, ती पहिला प्रश्न कोणता विचारते ते ऐकावे. काडी मोडल्यानंतर मी हे रविनाला सांगितले तेव्हा तिने विचारले, “सिलिंडर कोण जोडणार?” रूपीबाई आल्यावर पुन्हा सांगितले, तेव्हा विचारले, “येताना काय आणू?” आज सकाळी तिसऱ्यांदा सांगितले. तिने काही विचारले नाही. चपला घातल्या आणि जीपच्या थांब्याकडे गेली. सह्या होत असताना ती घरात नाही. तिला घर मिळत असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही चालणारही नव्हती. हा कागद वाचणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी आपल्या घरी एकदा करून पाहावी. पहिला प्रश्न स्वयंपाकाचा, औषधाचा किंवा परत येण्याच्या वेळेचा असेल, तर दार अजून लागलेले आहे असे समजावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला.

लिहून देणार : रेवाबाई सुरतसिंग पावरा (सही)

आमच्यादेखत सही झाली :
१. उदेसिंग पावरा, पंच (अंगठा)
२. धुडकू भिका पाटील, निवृत्त मुख्य लिपिक (सही)

स्थळ : धडगाव
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५